न्यायासनाशेजारची रिकामी खुर्ची

१/
१७७२ चा मे महिना. वेट्झलार या लहानशा जर्मन गावात बावीस वर्षांचा एक वकील येऊन दाखल झाला. आदल्याच वर्षी फ्रँकफुर्टमध्ये त्याला वकिलीची परवानगी मिळाली होती. वेट्झलारला मात्र तो कोणाची बाजू मांडण्यासाठी आला नव्हता. पवित्र रोमन साम्राज्याच्या दोन सर्वोच्च न्यायालयांपैकी एक या गावात होते. त्याचा कारभार जवळून पाहता यावा म्हणून त्याने तेथील उमेदवार वकिलांच्या यादीत नाव नोंदवले. त्याच्या वडिलांनीही तरुणपणी हेच केले होते.

२/
त्या वकिलाचे नाव योहान वोल्फगांग गटे. ‘शाकुंतल’ डोक्यावर घेऊन नाचल्याची दंतकथा ज्याच्याविषयी आपण शाळेपासून ऐकत आलो, तोच हा. चार महिन्यांत त्याने कायदा फारसा शिकला नाही. तो शार्लट बुफ नावाच्या तरुणीच्या प्रेमात पडला, सप्टेंबरात निमूटपणे गाव सोडून गेला आणि १७७४ मध्ये ‘वेर्थर’ लिहून युरोपभर गाजला. पण पुढे आत्मचरित्र लिहिताना त्या न्यायालयाची एक गोष्ट तो विसरला नाही. तेथे वीस हजार दावे तुंबले होते, वर्षाकाठी साठ निकाली निघत आणि त्याच्या दुप्पट नवे दाखल होत.

३/
वाचकहो, हा तपशील मला महत्त्वाचा वाटतो. वकिलाला साधारणतः स्वतःचा दावा का रखडला एवढेच दिसते. संपूर्ण न्यायालय का रखडले आहे, हे दिसण्यासाठी त्याला जागा बदलून बसावे लागते. आजचा धागा या जागाबदलाविषयी आहे. वकिली करणाऱ्या माणसाने काही काळ न्यायाधीशाची सावली होऊन राहावे, या प्रथेचा इतिहास आपण पाहू. आपल्या देशात न्यायासनाशेजारची ही खुर्ची एकेकाळी भरलेली होती, ती रिकामी कशी झाली, आणि आता ती पुन्हा का मांडली पाहिजे, याविषयी माझे मतही स्पष्टपणे सांगतो.

४/
प्रथम इंग्लंड. तेथे शतकानुशतके लंडनचे न्यायाधीश ठरावीक काळी जिल्ह्याजिल्ह्यांत फिरून गंभीर खटले चालवीत. या फिरत्या न्यायसत्रांना ‘असाइझ’ म्हणत. न्यायाधीशाबरोबर ‘मार्शल’ नावाचा एक सहचर असे, आणि अलीकडच्या काळात हे काम बहुधा एखाद्या होतकरू बॅरिस्टराकडे जाई. तो न्यायाधीशाच्या निवासातच राही, त्याच्याच पंगतीला जेवी आणि न्यायालयात त्याच्याजवळ बसे. पाहुण्यांची उठबस, पत्रव्यवहार अशी किरकोळ कामे त्याच्याकडे असत. १ जानेवारी १९७२ पासून असाइझ न्यायालये बंद झाली. तरीही नवशिक्या बॅरिस्टराने काही दिवस न्यायाधीशाजवळ बसून काम पाहण्याची रीत ‘मार्शलिंग’ याच नावाने तेथे चालू राहिली.

५/
मार्शलला कायदा शिकवण्याची जबाबदारी कोणावर नव्हती. तरी तो जे पाहत असे, ते पुस्तकात नव्हते. दिवसभर दोन्ही बाजूंचे युक्तिवाद ऐकून परतलेला न्यायाधीश संध्याकाळी कोणत्या मुद्द्यावर घुटमळतो, कोणता साक्षीदार त्याच्या मनातून उतरलेला नाही, शिक्षा ठोठावण्याच्या आदल्या रात्री तो कसा वागतो, हे त्याच घरात राहणाऱ्यालाच कळणार. निकालपत्रात निश्चय उतरतो. त्या निश्चयापूर्वीची चलबिचल कागदावर येत नाही.

६/
आता अमेरिका. १८७९ मध्ये बोस्टन शहरात लुई ब्रँडाइस या तरुणाने सॅम्युअल वॉरन या सहाध्यायाबरोबर भागीदारीत वकिली सुरू केली. त्याच सुमारास त्याने दुसरेही काम पत्करले. मॅसॅच्युसेट्स राज्याचे सरन्यायाधीश होरेस ग्रे यांचा तो मदतनीस झाला. म्हणजे दिवसाचा काही भाग पक्षकारांचा वकील आणि काही भाग न्यायाधीशाची सावली! दोघे मिळून प्रकरणाचे कागद वाचत, मुद्द्यांवर वाद घालत. मग ग्रे आपले मत बनवीत आणि निकाल सांगत, तो ब्रँडाइस लिहून घेई. न्यायाधीश पदाने आणि वयाने कितीही मोठा असला, तरी त्या खोलीत तरुणाने हरकत घ्यावी अशी अपेक्षा असे.

७/
ग्रे पुढे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १८८२ पासून तेथेही स्वतःच्या खिशातून पगार देऊन असे तरुण नेमू लागले. हार्वर्डमध्ये कायदा शिकवणारे त्यांचे सावत्र बंधू त्यांची निवड करून देत. चारच वर्षांनी, १८८६ मध्ये, काँग्रेसने प्रत्येक न्यायाधीशाला मदतनीस ठेवता यावा म्हणून पैशांची तरतूद केली. एका माणसाची हौस अशी संस्था बनली. ब्रँडाइस स्वतः १९१६ मध्ये त्याच सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. मात्र त्या न्यायालयात मदतनीस म्हणून काम केलेला माणूस तेथेच न्यायाधीश होण्यास १९६२ साल उजाडावे लागले. त्यांचे नाव बायरन व्हाइट.

८/
मग आपल्याकडे न्यायासनाशेजारी कोण बसत होते? पेशवाईतील रामशास्त्री प्रभुणे यांचे नाव आपण निःस्पृहतेचा आदर्श म्हणून घेतो. नारायणरावांच्या वधानंतर राघोबादादांना दोषी ठरवण्याचा प्रसंग प्रत्येकाला ठाऊक असतो. त्या प्रसंगाच्या झगमगाटात एक साधी गोष्ट झाकली जाते. शास्त्रीबोवा एकदम मुख्य न्यायाधीश झाले नाहीत. १७५१ च्या सुमारास ते पेशव्यांच्या पदरी शास्त्री म्हणून रुजू झाले आणि १७५९ मध्ये त्यांच्याकडे न्यायाधीशपद आले. मधली सुमारे आठ वर्षे ते पुण्याच्या शास्त्रीमंडळात वावरत होते. ताठ कणा उपजत असेल, पण न्यायनिवाड्याची रीत सहवासातच अंगी मुरते.

९/
कंपनी सरकार आले तेव्हा प्रश्न उलटा झाला. आता न्यायासनावर बसणाऱ्यालाच येथील कायदा ठाऊक नव्हता. १७७२ मध्ये, म्हणजे गटे वेट्झलारला गेला त्याच वर्षी, वॉरन हेस्टिंग्जने बंगालसाठी न्यायव्यवस्थेची योजना आखली. वारसा, विवाह, जात, धर्माचार या बाबतींत हिंदूंना शास्त्रानुसार आणि मुसलमानांना कुराणानुसार न्याय मिळावा, असे ठरले. त्यासाठी इंग्रज न्यायाधीशाच्या मदतीला पंडित आणि मौलवी नेमले गेले. न्यायाधीश प्रश्न विचारी, पंडित शास्त्राधार देऊन ‘व्यवस्था’ लिहून देई आणि त्यावरून निकाल होई. शेजारच्या खुर्चीत शिष्य बसावा, अशी आपली कल्पना. येथे त्या खुर्चीत गुरू बसला होता.

१०/
हे अवलंबित्व सर्वांनाच रुचले असे नाही. १७८३ मध्ये कलकत्त्याच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीश म्हणून आलेले विल्यम जोन्स यांना पंडितांच्या शब्दावर विसंबून राहणे जाचू लागले. ते सांगतात तेच शास्त्रात आहे, हे पडताळायचे कसे? म्हणून ते स्वतः संस्कृत शिकले. या शंकेतून जे निष्पन्न झाले ते थक्क करणारे आहे. जोन्स यांनी १७८९ मध्ये ‘शाकुंतला’चे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले. त्यावरून फोर्स्टर यांनी १७९१ मध्ये जर्मन भाषांतर केले, आणि तेच वाचून गटे हरखून गेला. वेट्झलारच्या न्यायालयात न रमलेल्या वकिलाच्या हाती कालिदास पडला, तो कलकत्त्याच्या एका न्यायाधीशामुळे. त्या न्यायाधीशाला संस्कृतकडे वळवले ते शेजारी बसणाऱ्या पंडितांविषयीच्या अविश्वासाने.

११/
मुंबई इलाख्यातही शास्त्री न्यायालयांशी जोडलेले होते. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली तरी शास्त्र्यांची गरज संपली नाही. इलाख्यातील निरनिराळ्या न्यायालयांत शास्त्र्यांनी दिलेली उत्तरे रेमंड वेस्ट आणि गेओर्ग ब्यूलर यांनी एकत्र केली आणि १८६७ पासून ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. वारसाहक्क आणि वाटणी यांविषयीची ती प्रश्नोत्तरे इतिहासाच्या विद्यार्थ्याने जरूर चाळावीत. विधवेचा हक्क कितपत, विभक्त भावाचा वाटा कोणता, असे घरोघरीचे प्रश्न तेथे भेटतात. निकालपत्रावर साहेबाची सही असली, तरी त्यामागची विचारसामग्री अनेकदा शेजारच्या माणसाची होती.

१२/
हा ग्रंथ निघाला तेव्हा ती खुर्ची आधीच हलवली गेली होती. १८६४ च्या ११व्या कायद्याने न्यायालयांतील पंडित आणि मौलवी यांची पदे रद्द झाली. भाषांतरित ग्रंथ आणि पूर्वीचे निवाडे हाताशी आहेत, आता न्यायालयाला हा कायदा स्वतःच ज्ञात आहे असे मानावे, ही त्यामागची भूमिका. ती अगदीच निराधार नव्हती. पंडितांच्या मतांत विसंगती असे, त्यांच्यावर आमिषाचे आरोपही होत. परंतु त्या पदांबरोबर आणखी काही गेले. न्यायाधीशाने निकालापूर्वी दुसऱ्या जाणकाराशी बोलावे आणि त्या दुसऱ्याने निकाल घडताना पाहावा, ही सवयच संपली.

१३/
दरम्यान १८६१ च्या कायद्यानुसार उच्च न्यायालये स्थापन झाली. मुंबईचे उच्च न्यायालय १८६२ चे. न्यायाधीशांपैकी किमान एक तृतीयांश बॅरिस्टर आणि किमान एक तृतीयांश सनदी अधिकारी असावेत, असा दंडक होता. सनदी अधिकारी लंडनची स्पर्धापरीक्षा देऊन येई, आधी महसुलाचे काम शिके आणि पुढे न्यायखात्यात वळे. बॅरिस्टर आयुष्यभर न्यायाधीशासमोर उभा राही. पहिल्याला वकिलाची बाजू अनुभवाने ठाऊक नसे, दुसऱ्याला न्यायाधीशाची. दोघांना एकमेकांच्या जागेवरून न्यायालय दाखवील, अशी सोय कोणी केली नाही.

१४/
मुंबईच्या वकीलवर्गात शिकाऊपणाची परंपरा जरूर होती, पण ती ज्येष्ठ वकिलाच्या चेंबरमधली. १९२२ मध्ये वकिली सुरू करणारे म. क. छागला बॅरिस्टर जिनांच्या चेंबरमध्ये तयार झाले. १९४१ मध्ये ते उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले आणि १९४७ मध्ये मुख्य न्यायाधीश. चेंबरमध्ये मिळणारे शिक्षण अमूल्य असते. मात्र तेथे प्रत्येक प्रकरण ‘आपली बाजू’ म्हणून येते. विरुद्ध पक्षाचा उत्तम मुद्दा तेथे खोडून काढण्यासाठी अभ्यासतात. तो कदाचित बरोबरही असेल, या शंकेला पक्षकाराच्या फीमध्ये जागा नसते.

१५/
येथे एक आक्षेप रास्त आहे. काशिनाथ त्र्यंबक तेलंग १८८९ मध्ये, वयाची चाळिशीही उलटली नसताना, वकिलीतून थेट उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. ते कोणाच्या शेजारी बसून शिकले? तरी त्यांची विद्वत्ता आणि न्यायबुद्धी वादातीत ठरली. १८९३ मध्ये त्यांच्या अकाली निधनानंतर ती जागा महादेव गोविंद रानडे यांना मिळाली. रानडे १८७१ पासून दुय्यम न्यायाधीश म्हणून काम करीत आले होते. म्हणजे एकाला काहीही पूर्वतयारी नव्हती, दुसऱ्याला बावीस वर्षांची होती, आणि दोघेही थोर ठरले. मग सावली होण्याचा एवढा आग्रह कशासाठी?

१६/
माझे उत्तर असे. तेलंग आणि रानडे यांच्यावरून नियम करता येत नाही. व्यवस्था सामान्य कुवतीच्या, प्रामाणिक माणसांसाठी आखायची असते. प्रत्यक्ष न्यायासनावर बसूनही माणूस शिकतोच, पण त्या शिक्षणाची फी समोरचा पक्षकार भरतो. नव्या न्यायाधीशाने साक्षीदाराला थांबवायचे कुठे आणि बोलू द्यायचे कुठे, हे चुकत-माकत शिकेपर्यंत कोणाचा तरी जामीन अडतो, कोणाची तरी जमीन जाते. शेजारच्या खुर्चीत बसून शिकणाऱ्याच्या चुका मात्र फक्त त्याच्या वहीत राहतात.

१७/
आता अलीकडचा इतिहास. दिवाणी न्यायाधीशाच्या कनिष्ठ पदासाठी आधी वकिली केलेली असावी की नाही, यावर आपल्या सर्वोच्च न्यायालयाने तीनदा भूमिका घेतली. १९९३ मध्ये तीन वर्षांची वकिली आवश्यक ठरवली. २००२ मध्ये, शेट्टी आयोगाच्या शिफारशींनंतर, ती अट काढली. हुशार पदवीधर तीन वर्षांनी या नोकरीकडे वळणार नाहीत, ही भीती त्यामागे होती. २० मे २०२५ रोजी सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या अध्यक्षतेखालील खंडपीठाने ती अट पुन्हा आणली. न्यायाधीशाकडे लॉ क्लार्क म्हणून केलेले काम या तीन वर्षांत धरावे आणि निवडीनंतर न्यायदानास बसण्यापूर्वी किमान एक वर्षाचे प्रशिक्षण द्यावे, असेही सांगितले.

१८/
हा निर्णय मला योग्य दिशेचा वाटतो, पण अपुरा. तीन वर्षे वकिली केलेला तरुण न्यायालय ओळखतो हे खरे. तो ते नेहमी एकाच बाजूने पाहतो. ‘तारीख द्यावी’ असा अर्ज देताना त्याला आपल्या ज्येष्ठाची दुसऱ्या न्यायालयातील अडचण दिसते. डायसवरून दिसते ते निराळेच. बोर्डावर कित्येक प्रकरणे लागलेली असतात, बाहेर बाकावर तिसऱ्यांदा हेलपाटा घालणारा साक्षीदार बसलेला असतो, आणि रोजनाम्यात लिहिल्या जाणाऱ्या एका ओळीने त्याचा आणखी एक दिवस बुडणार असतो. उलटतपासणीत आपण गाजवला असे वकिलाला वाटणारा प्रश्न न्यायाधीशाच्या टिपणात उतरलाच नाही, असेही घडते. हे एकदा डोळ्यांनी पाहिलेला वकील पुढचा अर्ज देताना थोडा थबकेल.

१९/
म्हणून माझी सूचना साधी आहे. या तीन वर्षांपैकी काही आठवडे प्रत्येक इच्छुक वकिलाने जिल्हा किंवा तालुका न्यायालयातील न्यायाधीशाजवळ बसावे. त्याने दिवसभराचा बोर्ड पाहावा, युक्तिवाद ऐकावे आणि आपल्या मते निकाल काय असावा हे लिहावे. न्यायाधीशाचा निकाल लागल्यावर तो आपल्या कागदाशी ताडून पाहावा. लॉ क्लार्कची संधी मुख्यतः उच्च आणि सर्वोच्च न्यायालयांत मिळते. लोकांचे बहुतेक वाद मात्र तालुक्याच्या न्यायालयात सुरू होतात आणि अनेकांचे तेथेच संपतात. सावली तेथे हवी.

२०/
सर्वांत गंभीर हरकत जवळिकीची. आज न्यायाधीशाशेजारी बसलेला वकील उद्या त्याच्यासमोर उभा राहील. समोरचा पक्षकार म्हणेल, ‘हा तर साहेबांचा माणूस!’ ही भीती खोटी नाही. पंडितांची पदे बुडण्यात अशा संशयाचाही वाटा होता. पण उपाय अशक्य नाहीत. वकिलाने आपण जेथे वकिली करतो त्या जिल्ह्याबाहेर बसावे, आपल्या चेंबरचे प्रकरण आले की उठून जावे, गुप्ततेची लेखी हमी द्यावी आणि ठरावीक काळ त्या न्यायाधीशासमोर उभे राहू नये. हे सारे खुल्या नोंदवहीत असावे. चोरून ठेवलेली जवळीक संशयास्पद असते. नियमाने बांधलेल्या आणि सर्वांना दिसणाऱ्या जवळिकीवर निदान प्रश्न तरी विचारता येतो.

२१/
हे व्यवहारात उतरते का? जर्मनीकडे पाहा. तेथे पुढे वकील व्हायचे असो वा न्यायाधीश, प्रत्येकाला सुमारे दोन वर्षांची उमेदवारी करावी लागते आणि तिचा काही काळ न्यायालयात न्यायाधीशाच्या हाताखाली जातो. उमेदवार निकालाचे मसुदे लिहितो. न्यायाधीशांच्या गुप्त विचारविनिमयालाही त्याला उपस्थित राहू देण्याची मुभा कायद्यात आहे. इंग्लंडमध्येही न्यायाधीशपदाचा विचार करणाऱ्या वकिलांना काही दिवस न्यायाधीशासोबत राहून काम पाहता येईल, अशी अधिकृत योजना आहे. म्हणून तेथील न्यायालयांची प्रतिष्ठा ढासळली, असे कोणी म्हणत नाही.

२२/
शेवटी इतिहासप्रेमी मित्रांसाठी एक विनंती. आपण न्यायाचा इतिहास निकालपत्रांतून वाचतो आणि निकालपत्राचा स्वभावच खात्रीने बोलण्याचा असतो. जुना निवाडा वाचताना एक प्रश्न अवश्य विचारा: हा निकाल घडताना त्या खोलीत आणखी कोण होते? शास्त्री, मौलवी, मार्शल की ग्रे यांच्यासमोर बसून हरकती घेणारा तरुण? त्या माणसाची नोंद सापडली, तर निकालामागच्या शंकाही सापडण्याचा संभव असतो.

२३/
आणि जमल्यास एक दिवस आपल्या तालुक्याच्या न्यायालयात जाऊन मागच्या बाकावर बसा. काही अपवाद वगळता न्यायालयाचे दार सर्वांना उघडे असते. पुकारा होईल, कोणी धावत येईल, कोणाचा वकील आलेला नसेल, पुढची तारीख पडेल. तेथून न्यायाधीशाचा चेहरा दिसेल, पण त्याच्यापुढचे कागद दिसणार नाहीत. ते कागद उद्याच्या न्यायाधीशाला खुर्चीवर बसण्याआधी एकदा तरी दिसावेत, एवढेच या धाग्याचे मागणे आहे. १८६४ मध्ये उचललेली ती खुर्ची परत मांडायला नवी इमारत लागणार नाही. नियमावलीत एक कलम घातले तरी पुरे.

धागा समाप्त. आपले मत, विशेषतः विरोधी मत, अवश्य लिहा.